साठ स्टॉल आणि एक डबा

शुक्रवार, ३० सप्टेंबर २००५, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. डॅलसच्या विमानतळावर शुभदाकाकूंनी गाडी थांबवली, पण डिकी उघडण्याआधी स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "तिकडे किडे तळून खातात म्हणे. तू आपला रोज भात लाव. कुकर घेतलास ना?"

घेतला होता. तांदूळ, मेतकूट आणि लिंबाचे लोणचेही घेतले होते. दुसऱ्या बॅगेत निर्जंतुक पिशव्या, दोन थर्मामीटर आणि नोंदवही होती. शुभदाकाकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. प्लेनोच्या मराठी मंडळातल्या, दर दिवाळीला मला हॉस्टेलवरून घरी नेणाऱ्या. तीन वर्षांपूर्वी मी पीएचडीसाठी टेक्सासला निघाले, तेव्हा सांगलीच्या एसटी स्टँडवर आईनेही हेच सांगितले होते: "बाहेरचं खाऊ नकोस. पोट बिघडलं तर तिथे बघणारं कोण आहे?" मला निरोप देणाऱ्या दोन्ही बायकांच्या मते दुसऱ्याच्या हातचे ते संशयास्पद होते. मला हे इतके पटलेले होते, की मी पीएचडीचा विषयच तो निवडला: रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या अन्नातील जंतूंची मोजणी.

थायलंडमधल्या फुकेतला शरद ऋतूत नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो. हजारो माणसे त्या दिवसांत रस्त्यावरच जेवतात. साठ स्टॉलचे नमुने घ्यायचे, शोधनिबंधावर पहिले नाव माझे लागायचे, आणि निबंध स्वीकारला गेला की प्लेनोतल्या एका अन्नकंपनीच्या संशोधन विभागात जागा मिळायची, असे ठरले होते. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला अशी जागा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी जे निघून आले त्यांना सांगावे लागणार नाही. जे मागे राहिले त्यांना इतकेच सांगते, की ती जागा नसती तर परतीचे तिकीट होते.

उत्सवाबद्दल वाचून वाटले होते, की हे आपलेच काहीतरी आहे. दिवस नेमके नवरात्राचे, कांदा-लसूण वर्ज्य, पांढरे कपडे. प्रत्यक्षात पिवळ्या झेंड्यांखालच्या टेबलांवर गव्हाच्या चिकापासून आणि सोयाबीनपासून घडवलेली डुकराची आतडी मांडलेली होती, घड्यांसकट. बदकाची कातडी होती, पिसे उपटल्यावर उरतात त्या पुळ्यांसकट. जे खायचे नाही, त्याची इतकी मन लावून प्रतिकृती करायची आणि मग ती चावायची, यातला संयम मला कळला नाही. मागच्या गल्लीत उत्सव न पाळणाऱ्यांचा नेहमीचा बाजार होता. तिथे तळलेल्या रेशीमकिड्यांचे ढीग होते, आणि आंबवलेल्या माशांच्या बरण्यांवर पांढरा फेस आला होता. इकडे उत्सवाच्या रस्त्यावरही एका बाईने एकाच फडक्याने सुरी पुसली, टेबल पुसले आणि मग नाक पुसले. तो वास संध्याकाळी अंघोळ केल्यावरही केसांत राहत असे.

मी नोईच्या मावशीकडे उतरले होते. नोई म्हणजे टेक्सासच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी थाई मुलगी; या दौऱ्यात ती दुभाषी होती. मावशीला सगळे 'पा लेक' म्हणत, आणि त्यांचा तळलेल्या टोफूचा स्टॉल होता. मी पहाटे त्यांच्याच स्वयंपाकघरात माझ्या कुकरमध्ये भात लावी, सहा वाजता स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावी, रुमालात बांधी आणि दुपारी एक वाजता त्यांच्या स्टॉलमागे बसून खाई. नवव्या दिवसाच्या दुपारपर्यंत त्यांच्या हातचे काहीही मी तोंडात घातले नाही. त्यांनी पहिल्या दिवशी टोफू पुढे केला, तेव्हा मी त्यातले दहा ग्रॅम पिशवीत भरून वर क्रमांक लिहिला. त्या हसल्या.

चौथ्या दिवशी मिरवणूक होती. अंगात आलेली माणसे अनवाणी चालत होती आणि त्यांच्या दोन्ही गालांतून सळ्या आरपार गेलेल्या होत्या. एकाच्या तोंडातून छत्रीची दांडी. हनुवटीवरून लाळ आणि रक्त गळे, सोबतचा माणूस ते टिपून घेई. त्यातल्या एकाने स्टॉलवरची गोड वडी उचलली आणि त्याच हाताने एका लहान मुलीच्या तोंडात घातली. मुलीच्या आईने हात जोडले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"तुमच्याकडे नाही कुणाच्या अंगात येत?" नोईने विचारले.

"येतं. आमच्या घरात नाही येत."

"म्हणजे तुमचं घर वेगळं आणि तुमचा देश वेगळा," ती म्हणाली आणि पुढे निघाली. वाईजवळ बगाडाच्या जत्रेत माणसाला उंच टांगतात, पूर्वी तर पाठीत गळ टोचून टांगत, हे मला माहीत होते. बाबांनी ते कधी पाहू दिले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. नमुने घेण्याचा नियम साधा होता: रस्त्याच्या टोकापासून प्रत्येक पाचवा स्टॉल, मग तो कसाही असो. पहिल्याच दुपारी पाचवा स्टॉल स्वच्छ निघाला. काचेचे झाकण, हातमोजे, सगळे. सहाव्यावर ती फडकेवाली बाई होती. मी नमुना सहाव्याचा घेतला आणि वहीत 'पाचवा' असे लिहिले. मला वाटले, मी सत्याला थोडी मदत करते आहे.

सत्याने मदत नाकारली. तिथल्या विद्यापीठाच्या लॅबमधून आकडे येऊ लागले, तसे दिसले की ज्या स्टॉलांनी मला मळमळले होते, त्यांतले बहुतेक निर्दोष होते; दर ग्रॅमला हजारही जंतू नव्हते. कढई उकळती असे आणि माल पाव तासात संपे. जंतूंना वाढायला सवडच मिळत नव्हती. तेव्हा मी आणखी ओंगळ स्टॉल शोधू लागले. नवव्या दिवसापर्यंत असे मी एकोणीस वेळा केले.

त्या दुपारी मी डबा उघडला, तेव्हा पा लेक समोर बसून पंपरपनस सोलत होत्या. त्या नोईला काहीतरी म्हणाल्या. नोई हसली, सांगेना.

"सांग ना, काय म्हणतायत?"

"म्हणते, ही पोरगी नाक मुरडून दुकानं निवडते. पहिल्या दिवसापासून बघतेय." नोई थांबली. "आणि विचारते, सगळ्यांच्या भातात ती काडी खुपसतेस, तुझ्या डब्यात कधी खुपसलीस का?"

मी थट्टा म्हणून थर्मामीटर भातात खुपसला. छत्तीस अंश. सहा ते एक, म्हणजे सात तास. साठ अंशांच्या खाली शिजलेला भात तासन्‌तास ठेवायचा नाही, हे मी टेक्सासमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. घट्ट झाकण, दमट आतला भाग, वरून ऊब टिकवणारा रुमाल: माझ्या लॅबमधल्या इन्क्युबेटरचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही. आठवड्यात तीन दिवस माझे पोट बिघडले होते आणि तिन्ही वेळा मी त्या शहराच्या पाण्याला दोष दिला होता. त्या नऊ दिवसांतली सर्वांत तीव्र किळस मला तेव्हा आली, आणि ती पांढऱ्या, वाफेने ओलसर झालेल्या, मेतकूट लावलेल्या भाताची होती. मी दहा ग्रॅम पिशवीत भरले. पा लेकनी पंपरपनसाची फोड पुढे केली. मी ती खाल्ली.

संध्याकाळी सांगलीला फोन केला. "आई, सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवत जाऊ नकोस."

"का गं? तीस वर्षं फोडणी घालून वाढतेय. तुझ्या बाबांना काय झालं?"

"त्यात जंतू वाढतात, विष सोडतात. फोडणीनं विष जात नाही."

"म्हणजे आता तुला आपल्या घरचीही किळस यायला लागली."

मी 'नाही' म्हटले, पण उशिरा म्हटले.

टेक्सासला परतल्यावर पहिल्याच सोमवारी मी वही घेऊन प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि एकोणीस ओळींखाली पेन्सिलने रेघ ओढली. त्यांनी विचारले, "चुकून झालं?" मी म्हटले, "नाही. जिथे मला किळस आली, तिथे मी गेले." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला असता तर बरे वाटले असते. निबंध रद्द झाला. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्या विद्यार्थ्याने केले आणि पहिले नाव त्याचे लागले. प्लेनोची जागा जानेवारीतच भरली गेली. मी दुसरा विषय घेऊन दोन हजार सातमध्ये पदवी मिळवली, आणि आज प्लेनोतच, पण गोठवलेले पराठे करणाऱ्या एका कारखान्यात तापमानाच्या नोंदी तपासते. काकू म्हणतात, "एवढं शिकून पराठे?" मी हो म्हणते.

किळस गेली असे लिहिले, तर तुम्हाला आवडेल. पण ती गेलेली नाही. रेशीमकिडे आठवले की आजही घशाशी येते, आणि ते फडके तर स्वप्नात येते. फरक इतकाच, की किळस हे मोजमाप नव्हे, हे आता मला पक्के ठाऊक आहे. गेल्या डिसेंबरात सांगलीला गेले होते. रात्री आईने सकाळच्या भाताला फोडणी घातली, माझ्याकडे न बघता वाढला, आणि मोरीचा हात पदराला पुसला. मला किळस आली. मी जेवले. घर म्हणजे आता माझ्या लेखी ते ठिकाण, जिथे मला सगळे कळते आणि तरी मी पानावरून उठत नाही.

फुकेतच्या वहीतल्या साठही नोंदी प्रोफेसरांनी बाद केल्या. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. शेवटच्या पानावर मात्र त्यांनी रेघ ओढण्यासाठी पेन्सिल उचलली, तेव्हा मी वही ओढून घेतली. तो एक नमुना निवडताना मी नाक मुरडले नव्हते. नमुना एकसष्ट, आमच्या घरचा भात, दुपारी एक वाजता, दर ग्रॅमला जंतू: चार लाख दहा हजार.