मामांच्या मोटारसायकलीचं औषधपाणी

आमचे मामा स्वतःला सर्दी झाली तर साधी गोळी घेत नसत. मोटारसायकल खोकली तर मात्र तिच्या औषधासाठी अंबरपेठेहून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाचा अफझलगंजचा बाजार गाठत. सरकारी कचेरीत हिशेबनीस असलेल्या या माणसाला गल्लीत ‘डाक्टरसाब’ म्हणत. ही पदवी चेष्टेची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, मामांना सोडून.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा गाडी म्हातारी झाली होती. जाडजूड, काळी, आणि मागे निळ्या धुराचा लोट. मिस्त्री म्हणे, इंजिन उघडून सिलिंडर आतून घासून बोअर करा, पिस्टन-रिंग बदला. मामांना ते ऐकवतसुद्धा नसे. “उघडलेलं इंजिन पुन्हा तसं बसत नसतं,” एवढं बोलून ते विषय मिटवत. सुरुवातीला उपचार घरगुती होते. पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की गाडीला जोर येतो, अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती. मामा ती निष्ठेनं पाळत. गोळ्या मामींच्या ट्रंकेतून जात. “साड्यांना कसर लागली, पण गाडीत एक झुरळ नाही हो,” असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग उदारीकरण आलं. पेपरात त्यावर अग्रलेख येत. मामांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता की अफझलगंजच्या दुकानांत रंगीत बाटल्या दिसू लागल्या. पेट्रोलमध्ये टाकायची वेगळी, तेलात ओतायची वेगळी. लेबलावर शर्यतीची मोटार आणि इंजिनाला आतून कवच चढवण्याचं वचन. मामा ते चष्मा लावून मोठ्यानं वाचत. रविवारी आंघोळ करून, टोपणानं मोजून डोस देत, गाडी सुरू करत आणि आम्हाला धुरापाशी उभं करून विचारत, “कमी झाला ना?” आम्ही डोळे पुसत हो म्हणायचो. एकदा मी धीर करून म्हणालो, मला तर काहीच फरक दिसत नाही.

“तुला नाही दिसणार. आतून सुधारतेय ती.”

त्या काळी देशाबद्दल पुढारीही हेच सांगत, त्यामुळे पुढे वाद घालणं अवघड होतं.

शेवटी किक मारून मारून मामांचा गुडघा गेला. खऱ्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. मलकपेठचा एक तरुण ती विकत घ्यायची म्हणून बघायला आला. नवी नोकरी पाटणचेरूकडे, रोज अख्खं शहर ओलांडायचं. नेमकं मागच्याच रविवारी मामांनी तेलात मधासारखं घट्ट असं नवं औषध ओतलं होतं आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा धूर थांबला होता. तरुणानं इंजिन चांगलं तापू दिलं, मागे वाकून पाहिलं. हवा स्वच्छ. “मस्त रखे अंकल तुम,” तो खूश होऊन म्हणाला.

मी मामांकडे पाहिलं. आम्ही सगळे इतकी वर्षं हसत होतो त्याचा हिशेब चुकता करायला याहून चांगली वेळ नव्हती. औषध लागू पडलं, एवढंच मामांनी म्हणायचं होतं.

मामा गुडघा चोळत बसले होते. “धुआँ गया नहीं बेटा,” ते म्हणाले. “तेल में दवा डालको दबाया मैं. थोड़े दिनां में फिर आता.”

चहा घेऊन आलेल्या मामी दारातच थांबल्या. तरुणाचा चेहरा उतरला. मामांनी त्याला विचारलं, रोज तेवढं लांब याच गाडीवर जाणार ना? तो हौ म्हणाला. “तो फिर इंजन खोलनाच पड़ता,” मामा म्हणाले, आणि दुरुस्तीचं, किमतीचं बाकीचं बोलणं त्यांनी आम्हाला न विचारता त्या तरुणाशीच ठरवून टाकलं.

गाडी मिस्त्रीकडे मी नेली. इंजिन उघडलं तेव्हा मामा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. बोअर झालं, रिंगा बदलल्या, आणि ठरल्याप्रमाणे तो तरुण गाडी न्यायला आला. निघताना त्यानं अदबीनं विचारलं, “अंकल, कौनसी दवा डालते रहूँ इसमें?”

आत कपाट भरून बाटल्या होत्या. मामांनी हँडलवर हात ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला.

“कुछ नक्को. टाइम पे तेल बदलते रह, बस.”

गाडी कोपऱ्यावरून वळली. मागे धुराची रेघ नव्हती, त्यामुळे ती गेल्याची काही खूणही उरली नाही. मामा तरीही बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत उभे होते.