शाबूत पट्टी

सावरखुटीत कुणाच्या भिंतीला तडा गेला की फकीर मोहम्मद गवंड्याला बोलावणं जायचं आणि बोलावणाऱ्याला हमखास पस्तावा व्हायचा. कारण हा गडी लंगडत यायचा, तड्यावरून बोट फिरवायचा आणि तडा न बुजवताच घरी जायचा. जाताना एवढंच करायचा. तड्याला आडवी, दोन बोटं रुंद अशी चुन्याची पातळ पट्टी मारायचा आणि ती ओली आहे तोवर खिळ्यानं तिच्यावर साल-महिना कोरायचा.

"अन् तडा?" घरधनी विचारायचा.

"वरीसभर थांब."

"वरीसभर? तवरोक भिंत आंगावर आली म्हंजे?"

"यायची असन तं पट्टी मले सांगन. तू काऊन घाई करून राह्यला बे?"

बापानं त्याला हाताला धरून शिकवलेली गोष्ट ही. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, तिला हात लावायचा नाही. पट्टी शाबूत राहिली तर भिंत बसली, आता खुशाल बुजवा. चाळीस वर्षं त्यानं ह्याच आडाख्यावर काढली आणि आडाखा एकदाही चुकला नाही. बापहो, हे ध्यानात ठेवा. माणूस जिथं कधीच चुकलेला नसतो, तिथं तो डोळे मिटून चालतो.

नांदुऱ्याच्या ठेसनापासून बैलगाडीनं तीन तासांवर हे गाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, मोठ्या कचेऱ्या सगळ्या नागपूरला, आणि सावरखुटीची आठवण तिथं कुणाला येण्याचं कारण नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला नदी, वरच्या अंगाला जुनी दगडी बारव. दर दोन-चार वर्षांनी नदी खालच्या आळीत शिरायची, चुलीतली राख घेऊन जायची. बारवेजवळची जागा उंच, कोरडी, पाण्याला जवळ. तरी तिथं एक घर नव्हतं, नुसत्या बाभळी. का? तर फकीर मोहम्मद बांधू देत नव्हता.

बारवेच्या पायऱ्यांतून एक तडा खाली गेला होता. बाकी गावाला तो तडा दिसायचा, फकीर मोहम्मदला त्याची चाल दिसायची. पायरीचा अर्धा दगड उरलेल्या अर्ध्याच्या पुढं सरकलेला होता. तीच रेघ पुढं ईदगाहच्या ओट्यातून गेलेली, आणि तिथून महादेवराव पाटलांच्या वावरात. तिथला सरळ धुरा, म्हणजे शेताचा बांध, मधेच वीतभर वाकला होता. ह्यानं एकदा बारवेपासून धुऱ्यापर्यंत दोरी ताणून पाहिली. सगळे तडे एका दोरीत!

"काळी माती हाय चाचा," पाटील म्हणाले. "उन्हाळ्यात फाटते, पावसात मिटते. त्याच्यात काय पाहाचं?"

"मातीची भेग उघडते अन् मिटते पाटील. हे उघडत नाही. हे बाजूले सरकून राह्यली. अन् पावसात मिटत बी नाही."

"जमीन सरकून राह्यली म्हन्ता?"

"म्या नाही म्हनत. पट्टी म्हन्ते."

दरसाल दसऱ्यानंतरच्या जुम्म्याला, नमाज आटोपली की तो बारवेत उतरायचा. मागल्या सालची पट्टी मधोमध तडकलेली असायची आणि तिचे दोन भाग एकमेकांच्या पुढंमागं सरकलेले असायचे. कधी अर्धा सूत, कधी एक, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. धरणीला धक्का नाही, आवाज नाही, रांजणातलं पाणी हललेलं नाही, आणि जमीन मात्र सरकलेली! तो ती पट्टी हलक्या हातानं खरवडून काढायचा, दोन्ही तुकडे टोपलीत ठेवायचा आणि नवी मारायचा. अशा अकरा पट्ट्या त्याच्या घरी आढ्याला टांगलेल्या टोपलीत होत्या. पोरगी नूरजहां चेष्टा करायची, "लोकायच्या घरी आढ्याले कांदे असतात, आमच्या अब्बाच्या घरी पोपडे." बायको लवकर गेल्यावर ह्या पोरीला त्यानं एकट्यानं वाढवलेलं. तिचं बोलणं त्याला गोडच लागायचं.

बाराव्या साली पट्टी तडकली नाही.

त्यानं पाणी मारून, अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं. केसाएवढीही रेघ नाही. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. तेराव्या सालीही तीच पट्टी तशीच. चौदाव्या सालीही. तेव्हा मात्र तो बारवेतून वर आला तो पोरासारखा हसत.

"बसली," त्यानं पाटलांना सांगितलं. "तीन साल झाले. आता बांधा खुशाल."

त्याच पावसाळ्यात नदी खालच्या आळीत शिरली होती. नूरजहांचं घर तिथंच. जवाई बद्रुद्दीन नांदुऱ्याला कापसाच्या जिनात कामाला, आठवड्यातून एकदा घरी. ती लेकराला कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून एकटीच बाहेर आली होती. तेव्हा बारवेजवळचं पहिलं घर कुणाचं, हे विचारायला नको. फकीर मोहम्मदनं ते स्वतः बांधलं. दगड-मातीच्या भिंती हातभर रुंद, वर सागाचे सरे, त्यावर हातभर मातीचा सपाट धाबा. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून त्यानं धाब्यावर आणखी चार बोटं माती चढवली. लाडकी लेक ना!

पाया भरताना नूरजहां जवळ येऊन उभी राहिली. "अब्बा, पक्कं ना? तुमीच तं इथं कोनाले बांधू देत नव्हते."

"पट्टी पाह्यली ना तू?"

"पाह्यली."

"मंग झालं तं."

त्याच्या पाठोपाठ आणखी सहा घरं उठली. फकीर मोहम्मद म्हणतो ना, मग डोळे झाकून बांधा. गावाचा त्याच्यावर एवढा भरवसा होता. आग लागो त्या भरवशाला.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, तो पाटलांच्या गोठ्याची भिंत रचत होता. ओळंबा सोडून त्यानं डोळा लावला. वारा नव्हता, हात स्थिर होता, आणि ओळंब्याचा लटकन हलायला लागला. आधी थोडा, मग भिंतीवर आपटायला लागला. पुढं काय येतंय हे त्याला कळलं. आभाळ गडगडतं तसा आवाज जमिनीखालून आला. बैलांनी दावी तोडली. तो खाली पडला, उठला, पुन्हा पडला, आणि लंगडत बारवेकडं धावत सुटला.

गावातल्या भिंतींना तडे गेले, कौलं सांडली, पण घरं उभी राहिली. बारवेजवळची सातही घरं बसली. भिंती बाहेर कलंडल्या आणि धाबे सपाट खाली आले. मातीचे सात ढिगारे, आणि वर लाल धूळ. गावानं हातांनी, फावड्यांनी, ताटांनी माती उपसली. नूरजहां चुलीजवळ सापडली, लेकरू तिच्या पोटाशी होतं. दोघांच्या अंगावर कुठं जखम नव्हती. माती नाकातोंडात गेली होती, बस्स. ती वरची चार बोटं माती फकीर मोहम्मदच्याच हातची होती.

गावानं नऊ माणसं पुरली-जाळली. बद्रुद्दीन दुसऱ्या दिवशी पोचला. मय्यतीच्या वेळी त्यानं सासऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चाळीसाव्यानंतर एकदाच दारात आला, उभ्यानंच बोलला.

"म्या नाही म्हनत व्हतो अब्बा. म्या म्हनलं व्हतं, खालीच राहू, पानी तं दिसून येते. तिनं म्हनलं, अब्बानं पट्टी पाह्यली."

आणि निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या, डोक्यात दगड घातला असता, तर फकीर मोहम्मदला बरं वाटलं असतं. गावातलंही कुणी काही बोललं नाही. फक्त भिंतीला तडा गेला तरी त्याला बोलावणं येईनासं झालं.

पावसाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या कॉलेजातले एक मास्तर आले, देशकर नावाचे. धरणीकंप का होतो ह्याचा अभ्यास करत होते. वही, फूटपट्टी घेऊन दोन दिवस तडे मोजत हिंडले. बारवेतली पायरी आता वीतभर सरकली होती, आणि त्या तीन साल टिकलेल्या पट्टीचे दोन भाग एकमेकांपासून वीतभर दूर गेले होते. "ही चुन्याची खूण कुणाची?" त्यांनी विचारलं. लोकांनी नुसतं बोट दाखवलं.

फकीर मोहम्मदनं टोपली काढून त्यांच्यापुढं ठेवली. मास्तर मांडी घालून बसले आणि एकेक पट्टी जुळवून पाहू लागले. "चाचा, जमीन धक्का न देता हळूहळू सरकते, असं असावं असा मला संशय होता. दाखवायला पुरावा नव्हता. तुम्ही अकरा वर्षांचा पुरावा आढ्याला टांगून ठेवलाय!"

"ते ठेवा तुमी. मले एक सांगा. मंग ते बसली कशी नाही? तीन साल पट्टी शाबूत व्हती."

मास्तर म्हणाले, "तुम्ही जड दगड दोरानं ओढता. खाली खडी असते. दगड थोडा थोडा सरकत येतो, बरोबर? आणि कधी अडकला तर?"

"तं दोर तानत जाते."

"आणि तरी ओढतच राहिलं तर?"

फकीर मोहम्मद आपल्या डाव्या पायाकडं पाहत होता. त्या पायाला अंगठा नव्हता. विशीत असताना असाच एक अडकलेला दगड एकदम उसळून आला होता आणि अंगठा घेऊन गेला होता. चाळीस वर्षं तो ह्याच पायानं लंगडत होता.

"बसली नव्हती," तो म्हणाला. "अडकली व्हती."

"असं मला वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही चाचा. जगात अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"तडकत व्हती तवाच बरं व्हतं म्हंजे."

"कदाचित."

म्हातारा त्या दिवशी पहिल्यांदा रडला, परक्या माणसासमोर, मोठ्यानं. मास्तरांना काय करावं कळेना. जाताना ते पट्ट्यांची टोपली घेऊन गेले आणि पोस्टकार्डांचा एक गठ्ठा ठेवून गेले. दरसाल नवी पट्टी मारा, काय दिसतं ते कळवा.

त्यानं ते काम चुकवलं नाही. आता सगळं उलटं झालं होतं. पट्टी तडकलेली दिसली की तो पायरीवर बसून अल्लाचे आभार मानायचा, मग कब्रस्तानात जाऊन नूरजहांला सांगून यायचा, "तडकली बेटी." पाच वर्षं पट्टी तडकली. पाच कार्डं नागपूरला गेली. लोक म्हणायचे, म्हातारा सटकला, भेग पडली की खूश होते.

लोकांचं काय! व्हायचं ते होऊन गेलं, आता शंभर वर्षं काय होत नाही, असं म्हणत एकेक जण नदीला कंटाळून पुन्हा बारवेकडं सरकला. बद्रुद्दीननं दुसरा निका केला होता, शबाना नावाची गरिबाघरची पोर. तिला वर्षाची मुलगी. त्यानंही जुन्या जागेच्या कडेला घर घातलं, पुन्हा धाब्याचंच. सासऱ्याशी तो पाच वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

सहाव्या साली पट्टी शाबूत निघाली. सातव्या सालीही. त्यानं कुणाकडून तरी मास्तरांना कार्ड लिहवलं, "पट्टी शाबूत हाय. मले भेव वाटून राह्यलं. कवा येईन ते सांगा." उत्तर आलं, "केव्हा, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. उद्या येईल, किंवा आपण दोघं गेल्यावर. लोकांना हलकी छपरं घालायला सांगा."

तो दारोदार फिरला. महादेवराव पाटलांनी त्याला बसवून चहा पाजला. "चाचा, मांगं पट्टी शाबूत व्हती तवा तुमी म्हनले बांधा. आता शाबूत हाय तं म्हनता पाडा. लोकायनं कोनतं ऐकाचं?"

खोटं काय होतं त्यात? तो चहा तसाच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शबाना धावत बाहेर आली. वरून माती पडत होती. बद्रुद्दीन त्या दिवशी घरीच होता. तो अंगणात येऊन पाहतो तर सत्तरीचा सासरा शिडी लावून धाब्यावर चढलेला, आणि कुदळीनं माती उकरून खाली लोटतोय. धाप लागलेली, पायजमा मातीनं भरलेला.

शेजारी जमले. "अरे उतरवा त्याले! घर पाडून राह्यला बुढा!" कुणीतरी शिडीवर पाय ठेवला.

"थांब," बद्रुद्दीन म्हणाला. मग मान वर करून, सात वर्षांत पहिल्यांदा, त्यानं सासऱ्याला विचारलं, "अब्बा, पट्टी?"

म्हाताऱ्यानं कुदळ टेकवली. "शाबूत हाय. दोन साल झाले." त्यानं तोंडावरची माती पुसली. "मले काहीच ठाऊक नाही रे बद्रुद्दीन. येईन, नाही येईन, मले ठाऊक नाही. पन एवढी माती म्या पुन्हा कोनाच्या आंगावर नाही राहू देत."

बद्रुद्दीन शबानाला म्हणाला, "पोरीले घे, बाभळीखाली बस." कोपऱ्यातलं फावडं उचललं, शिडी चढला, आणि म्हाताऱ्याच्या हातातली कुदळ काढून घेऊन त्याला कडेला बसवलं.

"कुठून सुरू करू?" त्यानं विचारलं.

"चुलीवरून," फकीर मोहम्मद म्हणाला.