चार पांढरे प्लग

हसनमामू इंजिनातून काढलेला स्पार्क प्लग आधी नाकाशी नेत. मग उन्हात धरून, वैद्याने जीभ बघावी तसं त्याचं टोक बघत. "काळा म्हंजे पेट्रोल जादा पितंय. तांबूस म्हंजे तब्येत बरी. पांढरा फटक पडला तर गाडीला ताप हाय, उभी कर तिला." आणि वर, "माणूस खोटं बोलंल, प्लग नाय बोलायचा."

साठच्या दशकात शारजात एका अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, गॅरेजात रत्नागिरीकडचे हसनमामू मेकॅनिक होते आणि मी स्टोअर सांभाळायचो. नवा प्लग ते आधी बोटांनीच फिरवत, पाना शेवटी. "मामू, प्लग बसवताय की निकाह लावताय?" मी चिडवायचो. ते उखडायचे. "सदा, आटे जुळले म्हंजे प्लग जुळला नाय. एक प्लग उष्णता धरून ठेवतो, एक सोडून देतो. ह्या वाळूत सोडून देणारा पायजे." मला ती म्हाताऱ्याची कटकट वाटायची.

एका जुम्म्याला सगळे नमाजाला गेले होते. गॅरेजात मी एकटाच. मामूंच्याच गावचा याकूब अडखळणारी टॅक्सी घेऊन आला. अबुधाबीहून त्याला सवारी आणायची होती. नेहमीचे प्लग संपले होते. दुसऱ्या खोक्यातल्या प्लगचे आटे जुळले, मी चारही बसवले. इंजिन झकास चालू झालं.

"मामू येईपर्यंत थांबू?" याकूबने विचारलं.

"का, मला कळत नाही? यल्ला, नीघ!"

मलाही कळतं, हे मला मामूंना एकदा दाखवून द्यायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

तेव्हा तिकडे रस्ता नव्हता, नुसती वाळू आणि खारी जमीन. तिसऱ्या दिवशी याकूब सापडला, बंद पडलेल्या गाडीपासून बराच दूर. जवळचं पाणी संपलं होतं. त्याला तिथेच दफन केलं.

गाडी ओढून आणली. मामूंनी सगळ्यांसमोर प्लग काढले. चारही पांढरे फटक, एकाचं टोक वितळलेलं. मामूंनी नाकाशी नेले नाहीत. मुठीत धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"किसने लगाया?" अरबाबने विचारलं.

मी मान खाली घातली.

"मैंने," मामू म्हणाले.

पुढच्या बोटीने अरबाबने त्यांना परत पाठवलं. धक्क्यावर मी रडत होतो. "मामू, याकूबच्या आईला काय सांगाल?"

"हितं सांगितलं तेच. तुझी बायको पोटुशी हाय. माझं काय, झालं माझं. खलास."

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या गावी गेलो, तर मामू वारले होते. समोरच्याच घरात याकूबची म्हातारी आई होती. मी शारजात मामूंबरोबर होतो एवढंच सांगितलं. तिने चहा दिला.

"रोज माझं पाणी भरायचा," ती म्हणाली. "मी एक सबूद बोलले नाय त्याच्याशी. माझा याकूब खाल्लान त्याने. त्याच्या मयतीलाही दार उघडलं नाय मी."

खरं सांगायलाच मी तिथवर गेलो होतो. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठलो.