कुंदाताईंची शीट

आकडा टाकला की एंटर दाबण्याआधी कुंदाताई क्षणभर थांबायच्या आणि स्क्रीनला म्हणायच्या, "हं, सांग बाई आता." जणू समोर एक्सेलची शीट नव्हे, धाकटी बहीण बसली आहे. वर्ध्याच्या आमच्या सरकी तेलाच्या कंपनीत मी लागले, तेव्हा सगळं बजेट, कारंजाच्या कारखान्याचा खर्च, बँकेला दाखवायचे पुढचे अंदाज त्या एका शीटवर चालायचे. ती त्यांनी एकटीने वाढवली होती. कुणी जवळ गेलं की म्हणायच्या, "हात नको लावजो. मले इचार."

मग त्यांचे यजमान आजारी पडले आणि गेले. तेरवी आटोपून ताई कामावर आल्या. फक्त फोन वाजला की दचकायच्या, आणि उचलण्याआधी दाराकडे बघायच्या.

पुढच्या वर्षी ठरवायचं होतं: एक्सेलवरच राहायचं, की कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाइलवर चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. मी एक्सेलच्या बाजूने होते. स्वस्त, सवयीचं, हवं तसं वळणारं. ताईही तेच म्हणणार, याची सगळ्यांना खात्री होती.

"सॉफ्टवेअर घ्या, साहेब," त्या म्हणाल्या.

मालक हसले. "काऊन ताई? तुमची शीट तर मस्त चालून राह्यली."

"माह्या मशीनवर चालते. तुमच्या त्या अ‍ॅपलच्या मॅकवर तिचे मॅक्रो, आपोआप हिशेब करणारे, चालत नाईत. म्हणून तर तुमी मुंबईहून मले फोन केलता. बँकवाल्यांपुढं बसले होते, आठोते?"

मालकांनी मान हलवली.

"मी आयसीयूच्या बाहीर उभी राहून तुमाले फॉर्म्युला सांगून राह्यली होती. फोन ठेवून आत गेली, तं हे गेले होते."

मालकांनी समोरचा मोबाइल पालथा केला. ताई म्हणाल्या, "तुमाले काय मालूम? मी कुठं हावो, ते मीच सांगतलं नाई. पण आता दुसऱ्या कोणावर ही पाळी नको."

सॉफ्टवेअर आलं. आपली शीट मोडून त्यात बसवायचं काम ताईंनीच केलं. एकेक फॉर्म्युला मला समजावताना त्यांचा आवाज दवाखान्यात बोलावं तसा दबका होत जायचा. नजर माझ्या खांद्यामागे लागलेली. ऐकणारी मी एकटी नाही, असं वाटून मी कितीदा तरी मागे वळून पाहिलं.

निवृत्तीनंतर त्या आपल्या गावी, रोहण्याला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या.

परवा ऑडिटरने जुना आकडा मागितला, म्हणून ताईंच्या शीटची जपून ठेवलेली फाइल उघडली. शेवटचा बदल करणाऱ्याच्या जागी अजून त्यांचंच नाव होतं. आकडा उतरवून बंद करू लागले, तर तिने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? मी तर कशालाच हात लावला नव्हता. आजची तारीख आपोआप घेणारा ताईंचा एक फॉर्म्युला आत अजून चालू होता. 'हो' म्हटलं असतं, तर त्यांच्या नावावर माझं नाव चढलं असतं.

मी 'नको' दाबलं.