विझल्या मेणबत्तीचा वास

परवा नातवाने केकवरची मेणबत्ती फुंकली आणि विझल्या वातीचा तो वास नाकात शिरला. सगळे टाळ्या वाजवत होते, माझं मात्र डोकं फिरलं.

मंदीत वाशिंदकडचा कारखाना बंद पडला आणि आमच्या गावातले निम्मे पुरुष घरी बसले. मग वरून ठरलं, बायकांना रोजगार द्यायचा. कसला? तर मेणबत्त्यांचा. आमच्या बचत गटाला शिकवलं, डोळखांबच्या गटाला शिकवलं, मुरबाडच्यालाही तेच! शहापुरात प्रदर्शन भरलं, तर प्रत्येक टेबलावर मेणबत्त्याच. घेणार कोण? बाया एकमेकींची तोंडं बघत बसलेल्या.

उद्घाटनाला आलेले सरकारी साहेब भाषण वाचायला उभे राहिले आणि लोडशेडिंगनं दिवे गेले. बाहेर पावसाळी आभाळ, आत मिट्ट काळोख.

"अहो, कुणीतरी मेणबत्ती द्या!"

माझी जाऊ सुनंदा उठली. "देते की सायेब. पन इकत घ्यावी लागंल, फुकट नाय."

सगळा हॉल हसला. तेव्हा मीही हसले. म्हटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक मिळालं. "घेतो, घेतो," म्हणत साहेबांनी त्या उजेडात स्वावलंबन, नव्या संधी, बाजारपेठ असं सगळं वाचून काढलं. आम्ही टाळ्याही वाजवल्या.

तेवढ्यात दिवे आले. साहेबांनी फुंकर मारली आणि मेणबत्ती सुनंदाच्या हातात परत दिली.

"घ्या ताई, अजून बरीच उरलीय."