शनिवारचा घाबरण्याचा क्लास

ज्या घरात दुखणं लपवतात त्या घरात किस्से होत नाहीत, नुसती कुजबुज होते. आमच्या घरी माझ्या आजाराचं नाव होतं 'तिचं ते'. "तिचं ते चालू आहे सध्या, पाहुण्यांना पुढच्या रविवारी बोलवू." किस्से साठायला लागले ते मी नेरूळच्या एका क्लिनिकमध्ये शनिवारच्या ग्रुपला जायला लागले तेव्हापासून. आता इतके साठलेत की चहाला बसलं की एक संपायच्या आत दुसरा उडी मारतो. सांगायची परवानगी सगळ्यांनी दिली आहे, नावं तेवढी बदललीत. जोशीकाका म्हणाले होते, "माझं बदलू नकोस हं." म्हणून मुद्दाम बदललंय!

ग्रुप चौघांचा. मी, जोशीकाका, संकेत आणि प्रणाली. आणि आमच्या मॅडम, म्हणजे सायकॉलॉजिस्ट. तिथली पद्धत सोपी, म्हणजे ऐकायला सोपी. ज्याची भीती वाटते ते मुद्दाम करायचं. आणि नंतर जिवाला बरं वाटावं म्हणून आपण जे करतो, हात धुणं, परत जाऊन बघणं, दहा जणांना विचारणं, ते अजिबात करायचं नाही. भीती चढते, चढते आणि मग आपली आपण उतरते. याला एक्स्पोजर म्हणतात. माझे बाबा याला 'घाबरण्याचा क्लास' म्हणतात. "लोक घाबरू नये म्हणून जातात, तू घाबरायला जातेस!" बाबांनी आयुष्यात केलेला हा एकमेव बरोबर विनोद, तोही त्यांना न कळता.

*

प्रणाली पहिल्या शनिवारी आली आणि अख्खा तास उभी राहिली. खुर्चीवर आधी कोण बसलं होतं ते माहीत नव्हतं ना! हातांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर चिरा. ती खारघरच्या गावठाणातली, आगरी घरातली. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. घरात प्रणालीची बादली वेगळी, ताट वेगळं, आणि सकाळची आंघोळ दुपारी संपायची.

"तुला काय जमायला हवंय?" मॅडमनी विचारलं.

"हळद," ती म्हणाली.

लग्न ठरलं होतं. आमच्या घरांत हळद म्हणजे पाच बायका हळूच बोट टेकवतात आणि फोटो काढतात. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव! डीजे, नाच, आणि येईल तो दोन्ही हात भरून नवरीला माखणार. ते हात त्याआधी कुठे कुठे लागले होते, हे कोण विचारतंय?

"हळदीला बसता आलं नाही तर मी लग्न मोडणार," प्रणाली शांतपणे म्हणाली. "त्याचं घर माणसांनी भरलेलं आहे. त्या घरात मला माझी बादली घेऊन कोपऱ्यात जगायचं नाही."

सोबत आत्या आली होती. ती म्हणाली, "आवो मॅडम, पोर सोच्छ राहते, त्यान आजार कसला? लगीन झाला का सगला ठीक होते!"

मला राहवलं नाही. "आत्या, ताप आलेल्या माणसाचं पण लग्नच लावता का तुम्ही?"

आत्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मॅडमना विचारलं, "ही कोन? हिचा पन लगीन लावा पयला!"

*

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. मी स्कूटरवरून जाताना गाडीला जरा हादरा बसला की मला वाटायचं, कुणीतरी चाकाखाली आलं. खड्डा असो, स्पीडब्रेकर असो, माझ्या डोक्यात थेट प्रेत! मग यू-टर्न, परत तिथे जाऊन बघायचं, रस्ता रिकामा. पुढे निघायचं, आणि मनात यायचं, बाजूच्या झुडपात उडालं असेल तर? परत यू-टर्न. पामबीच रोडवर लोक गाड्या पळवतात, मी गस्त घालायचे. बाबांचा सल्ला, "स्तोत्र म्हणत चालव." म्हटलं बाबा, स्तोत्र म्हणतच तर यू-टर्न मारतेय!

मॅडम एकदा माझ्या मागे बसल्या. "आरशात बघायचं ते गाडी चालवण्यापुरतं, प्रेत शोधायला नाही," अशी तंबी. पहिला स्पीडब्रेकर गेला. मागून मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आलं असेल बरं का कुणीतरी." मला दरदरून घाम! हात वळायला बघतायत, मी त्यांना धरून ठेवलंय. दुसरा गेला, तिसरा गेला. घशात आलेला जीव हळूहळू खाली जागेवर गेला. त्या दिवशी मी सरळ घरी गेले.

दोन आठवडे सरळ जात राहिले. मग एका सकाळी सिग्नलवरच्या ट्रॅफिक हवालदाराने हात करून थांबवलं. लायसन्स काढायला लागले तर म्हणाला, "नको, नको. मॅडम, हल्ली एकच राउंड? तब्येत बरी आहे ना?"

*

जोशीकाका म्हणजे गॅस. गॅस बंद आहे का, हे ते स्वतः बघायचे, मग काकूंना विचारायचे, मग बघायचे, मग काकूंना शपथ घालायचे. संसाराची सगळी वर्षं काकू दिवसभर एकच वाक्य बोलत आल्या, "हो हो, बंद आहे."

मॅडमनी काकूंना बोलावलं आणि सांगितलं, "हे उत्तर बंद. तुम्ही खात्री दिली की त्यांचा आजार जेवतो. आता विचारलं की एवढंच म्हणायचं, असेल. नसेलही."

काका भडकले. "हा काय पोरखेळ? घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला असं उत्तर द्यायचं?"

"काका," मी म्हटलं, "वडीलधारं माणूस बायकोला गॅसची शपथ घालत नाही." मॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं. ग्रुपमध्ये मॅडमचं निम्मं काम तेच.

पुढच्या शनिवारी काका आले ते चेहरा पाडून. "गॅसचं जमतंय हो. विचारायची इच्छा होते, पण हल्ली विचारत नाही. उत्तराचीच भीती वाटते."

"काय म्हणतात काकू?"

"म्हणते, असेल बंद. नसेलही. उडालो की कळेलच!"

आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो. काका पुढे म्हणाले, "तेवढ्यावर थांबती तर बरं! काल विचारलं, जेवायला काय आहे? म्हणाली, असेल काहीतरी. नसेलही!"

तेव्हापासून तो आमच्या ग्रुपचा मंत्र झाला. कुणी खात्री मागितली की बाकीचे एका सुरात, "असेल! नसेलही!"

*

संकेत कामोठ्याचा, आयटीतला. त्याला भीती लोकांची. लोक हसतील, या भीतीने त्याने दुकानातून कधी उरलेले सुट्टे मागितले नाहीत, रिक्षावाल्याला कधी 'थांबा' म्हटलं नाही. रिक्षा थांबेल तिथे उतरायचा आणि उलटा चालत यायचा! मॅडमनी त्याला काम दिलं. भर रविवारी संध्याकाळी, खारघरच्या मोठ्या बागेत, दुधी भोपळ्याला दोरी बांधून फिरवायचा. कुत्र्यासारखा.

आम्ही तिघं लांब बाकावर बसलो. संकेत गेटपाशी आला. कपाळ ओलं, कान लाल, मागून घसरत येणारा दुधी. मला वाटलं हा आता पळतो. पण नाही पळाला! पोरंसोरं बघत होती, एक आजोबा भुवया उंचावून निघून गेले. हसलं कुणीच नाही. ज्या हसण्याच्या भीतीत बिचाऱ्याचं अख्खं कॉलेज गेलं, ते हसणं आलंच नाही.

आला तो फक्त वॉचमन. दुधीकडे निरखून बघितलं, मग संकेतकडे. म्हणाला, "साहेब, पाळीव आहे की भाजीचा? पाळीव अलाउड नाही. भाजीचा असेल तर पिशवीत घ्या."

आणि आमचा संकेत, जो कधी कुणाला उलटून बोलला नव्हता, ताठ उभा राहून म्हणाला, "अजून ठरवलं नाही!"

*

प्रणालीचं काम पायरीपायरीने चाललं होतं. आधी खुर्चीला हात, मग दरवाज्याच्या कडीला, मग लिफ्टच्या बटणांना. आणि नंतर हात न धुता घरी जायचं. ती रडायची, तिचं अंग थरथरायचं, पण ती करायची. एका शनिवारी पाळी आली क्लिनिकच्या पायपुसण्याची. मॅडम स्वतः खाली वाकल्या, पायपुसण्यावर तळहात टेकवला, आणि त्याच हाताने वेफर उचलून तोंडात टाकला. मग पाकीट प्रणालीपुढे धरलं.

नेमकी त्याच वेळी आत्या दार उघडून आत आली. "आगो बाय! येवढी शिकलेली बाय, नि पायपुसन्यावरचा खाते!"

प्रणालीने आत्याकडे बघत बघत पायपुसण्याला हात लावला आणि वेफर खाल्ला. आमच्या टाळ्यांनी बाहेरचे पेशंट दचकले. आत्या मात्र भिंतीला टेकून बसली. जाताना हळूच मॅडमना म्हणाली, "मी तोड काडलाय. हलद आंब्याच्या पानान लावू. कोनाचा हात नाय लागाचा. गावाला सांगू, रीत हाय."

मी उसळले. "आत्या, म्हणजे आयुष्यभर पानंच धरणार का तिच्यापुढे? वर्षानुवर्षं पहाटे उठून तिची बादली तुम्हीच भरून देता. तुमच्या मायेनेच हा आजार पोसलाय!"

आत्याने पदर डोळ्यांना लावला, आणि मला कुठे बघावं ते कळेना. प्रणाली तिच्याजवळ गेली. वेफरच्या तेलाचा, पायपुसण्याचा तो हात तिने आत्याच्या खांद्यावर ठेवला. कित्येक वर्षांत तिने आपण होऊन कुणाला हात लावला नव्हता.

"पानं नको, आत्या," ती म्हणाली. "हातानेच."

*

मग आम्ही क्लिनिकमध्येच रंगीत तालीम केली. काकूंनी वाटीभर हळद कालवून पाठवली. नियम असा, की प्रत्येकाने आधी चप्पलांच्या रॅकला हात लावायचा, मग हळदीत, मग प्रणालीच्या गालावर. काका लाजत लाजत, संकेत थेट दोन्ही हातांनी. माझी पाळी आली. मी जोरात फासली, आणि तिने डोळे मिटले.

झालं! माझं डोकं सुरू. डोळ्यात गेली. मी हिला आंधळं केलं. लग्नाआधी नवरी आंधळी!

"प्रणाली, डोळ्यात गेली का गं? दिसतंय ना तुला? बोटं किती?"

ज्या मुलीचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, जी दोन्ही मुठी आवळून एक एक श्वास मोजत होती, तिने पिवळ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, "गेली असेल. नसेलही!"

*

हळदीच्या दिवशी मॅडम आल्या नाहीत. "ही परीक्षा नाही, समारंभ आहे. माझं तिथे काय काम?" असं म्हणाल्या. आम्ही तिघं गेलो, शिवाय काकू. काकांनी निघताना गॅस एकदाच बघितला, हे काकू मांडवात भेटेल त्याला सांगत होत्या.

अंगणात डीजेचे डबे घरापेक्षा उंच. प्रणाली पाटावर बसलेली. शेजारी आत्या, आणि आत्याच्या कमरेला खोचलेली आंब्याची पानं. वेळ पडली तर! मागच्या पडवीत प्रणालीची बादली, गरम पाणी वाफाळतंय. तेही वेळ पडली तर!

आधी वहिन्या आल्या. मग शेजारणी. मग मातीत खेळणारी पोरं तशीच धावत आली. मग मटणाच्या टोपाजवळून उठलेले एक काका, लुंगीला हात पुसत पुसत. प्रत्येकाचे दोन हात. गाल, कपाळ, मान, दंड. प्रणालीची बोटं पाटाच्या कडेला घट्ट रुतली होती. आम्हाला माहीत होतं ती आत कुठल्या पायरीवर आहे. मी मनात म्हणत होते, बस गं, बस, उतरेल. जोशीकाका माझ्या शेजारी नाचायचं सोडून उभे. संकेतने माझा हात धरला होता, त्याला त्याचं भानही नव्हतं.

आणि प्रणाली उठली.

डीजे चालूच, पण पाटाभोवतीच्या बायका थांबल्या. ती सरळ पडवीकडे निघाली. आत्या घाईघाईने पुढे धावली, टॉवेल घेऊन बादलीशी उभी राहिली. संपलं, म्हटलं. एवढं सगळं करून बादलीच जिंकली.

प्रणाली बादलीपाशी आली. थांबली. वाफेकडे बघितलं.

आणि पुढे गेली! पलीकडे तांदळाच्या भाकऱ्यांची टोपली होती, रश्शाचं टोप होतं. पिवळ्याधमक दोन्ही हातांनी तिने भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि उभ्या उभ्या खाल्ली. अख्खा घास, सावकाश. मग दुसरा घास मोडला आणि आत्याच्या तोंडापुढे धरला.

आत्या टॉवेल छातीशी धरून त्या हाताकडे बघत राहिली. पोरीच्या हाताकडे, हळदीकडे, घासाकडे.

"हात धुतलेस का गो?"

"धुतले असतील, आत्या," प्रणाली म्हणाली. "नसतीलही. तोंड उघड."