डब्याची गाडी आणि गळका डॅम्पर

माणूस असतो तेव्हा त्याचे किस्से गावभर विखुरलेले असतात. एक कुणाच्या दुकानात, एक कुणाच्या बांधावर. तो गेला की ते एकेक करून घरी येतात. आमचे हे गेल्यानंतर भेटायला येणारा प्रत्येकजण अर्धा कप चहा घ्यायचा, थोडा वेळ खाली मान घालून बसायचा आणि उठताना एक किस्सा ठेवून जायचा. रडायला आलेली माणसं हसून जातात, याचं सुरुवातीला मला अवघड वाटे. मग सवय झाली. आता घरात इतके साठलेत, की थोडे दुसऱ्याला दिलेले बरे.

बहुतेक सगळे त्या गाडीचे आहेत.

एकाहत्तरच्या लढाईत यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. हवालदार म्हणून घरी आले, लाकडी पाय लावला, साताऱ्यात एका ऑफिसात नोकरीला लागले आणि लगेच फौजेच्या लिलावातली जुनी मोटारसायकल घेऊन आले. तिच्या डाव्या बाजूला माणूस बसायचा पत्र्याचा डबा आणि त्याला तिसरं चाक. शिकलेले लोक साइडकार म्हणत, बाकी सगळे डब्याची गाडी. उभी राहिली की पाय टेकावा लागत नाही, एवढंच यांना हवं होतं.

गाडीत खोड एकच. हँडलला वीतभर लांब नळी जोडलेली होती, तिला डॅम्पर म्हणतात. आत तेल आणि दट्ट्या. हँडल थरथरायला लागलं की दट्ट्या तेलातून जड जड सरकतो आणि थरथर जिरवतो. आमच्या डॅम्परातून तेल गळायचं. तेल कमी झालं आणि गाडी हळू झाली, की हँडल इकडून तिकडे झडझडायला लागे. मग हे अंगाचा सगळा भार टाकून ते दाबून धरत.

पहिल्यांदा हे आमच्या गल्लीत घडलं. शेजारच्या आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हिच्या अंगात येतंय गं. वटी भरा हिची."

हे म्हणाले, "आक्का, काही नाही, तेल संपलंय. तेल घातलं की थांबेल."

"तेल घालायचं हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "मंग आज नगं. शनवारी घाला."

०००

यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, रहिमतपूरजवळ शेती करत. धाकट्या भावाच्या गाडीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. महिन्या-दोन महिन्यांनी साताऱ्याला येत, गाडीखालचा तेलाचा डाग काठीने दाखवत आणि म्हणत, "रामा, पाय गेला. आता हात बी घालवायचं हायत का? इकून टाक."

यांना एकदाच उत्तर देताना मी ऐकलं.

"एश्टीत कंडक्टर मला काखंत हात घालून वर चढवतो, दादा. पोत्यावानी. मागची माणसं बघत्यात. गाडीवर मला कुणी चढवत न्हाई."

दादांनी काठीने तेलाच्या डागावर माती ओढली. मग म्हणाले, "तरी पण इक." दादांचा शब्द आमच्या घरात मोडत नसत. हे तो मोडत नव्हते, फक्त लांबवत होते. डॅम्पर गळायचा थांबला की दादांना बोलायला जागा राहणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

०००

मिळेल ते तेल घालून बघायचं हा पहिला टप्पा. एका थंडीत घरातली खोबरेलाची बाटली रिकामी झाली. मला वाटलं, शेजारच्या जोशीमास्तरांनी मागून नेली असेल. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि यांच्या प्रत्येक उद्योगात असायचे. बाटली त्यांनीच नेली होती, पण डोक्याला नव्हे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघे मेढ्याला निघाले, मास्तर डब्यात. गाडी सुरेख चालली. हँडल जराही थरथरेना. मेढ्याच्या अलीकडे एक वळण आलं आणि तेव्हा कळलं, की ते वळतही नाही. गाडी रस्ता सोडून सरळ भाताच्या रिकाम्या खाचरात जाऊन उभी राहिली.

बांधावर एक शेतकरी घोंगडं पांघरून बसला होता. त्याने विचारलं, "कुठं निगाला?"

"मेढ्याला."

"मेढा तिकडं हाय."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "आमचं खोबरेल गोठलंय."

शेतकऱ्याने मास्तरांच्या टकलाकडे नीट पाहिलं. "मंग आता काय करनार?"

"ऊन पडायची वाट बघणार."

त्याने घोंगड्याचा अर्धा भाग मास्तरांना दिला. ऊन पडलं, हँडल सैल झालं, दोघे मेढ्याला गेले. सायन्सच्या मास्तरांना खोबरेल थंडीत गोठतं हे कसं आठवलं नाही, असं मी नंतर विचारलं. मास्तर म्हणाले, "वहिनी, ते बाटलीत गोठतं हे माहीत होतं."

०००

तेलाचा दोष नाही, आतलं चामड्याचं वायसर झिजलंय, असं ठरल्यावर दुसरा टप्पा सुरू झाला. स्टोव्हच्या पंपात असंच एक चामड्याचं वायसर असतं. ते मला यांनी सांगितलं नाही. एका रविवारी दादा चार पाव्हणे घेऊन आले, मी चहाचं आधण ठेवायला गेले, स्टोव्हला पंप मारते तर दांडा नुसता आत-बाहेर.

मी धाकटी भावजय, दादांसमोर फारशी येत नसे. दाराआडून ताकाचे पेले पुढे केले.

पाव्हण्यांनी ताक घेतलं. दादा पेला हातात धरून बसले. "सकाळच्या पारी ताक? चहा न्हाई व्हय?"

यांनी पेला तोंडाला लावला. शेवटी मी आतून म्हणाले, "आहे. बाहेर गाडीत आहे."

०००

तो डॅम्पर एकदा सांगलीला एका मिस्त्रीकडे पाठवायचा ठरला. न्यायला यांचे मामेभाऊ शंकरआप्पा. आप्पा पैलवान माणूस, पण कामाचा मोठा चोख. यांनी तेव्हा डॅम्परात एरंडेल भरलं होतं, कारण ते गोठत नाही. तेल ओतून काढायचं राहिलं. आप्पांनी डॅम्पर वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीच्या वरच्या फळीवर ठेवला.

कऱ्हाडच्या पुढे खालच्या सीटवरच्या माणसाने टोपीवर हात फिरवला. "हे काय गळतंय रं डोस्क्यावर?"

आप्पा घाबरले, पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "एरंडेल हाय, पावणं. लय थंड असतंय. डोळ्याला बी चांगलं."

माणसाने बोट नाकाशी नेऊन वास घेतला. विचार केला.

मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

०००

गाडी जिथे उभी राहील तिथे डाग पडायचा. फार मोठा नाही, पण ओळखू यायचा. यांच्या छातीत दुखू लागल्यावर डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. हे म्हणाले, बरं. संध्याकाळी फक्त पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून येतो, म्हणाले.

मी भाजी आणायला गेले तेव्हा नाक्यावरच्या भज्यांच्या गाड्यासमोर डाग होता. कालचा एक, परवाचा एक, आणि एक चांगलाच ओला.

जेवताना मी विचारलं, "कांद्याची होती की बटाट्याची?"

यांनी भाकरी मोडली. "मिरचीची," म्हणाले.

डॅम्पर सुधारायचा यांचा निश्चय मी त्या रात्रीइतका पक्का कधी पाहिला नव्हता.

०००

शेवटचा किस्सा माझा स्वतःचा. कुणी आणून दिलेला नाही. मी त्यात होते.

दादांच्या मुलीसाठी सांगलीत विश्रामबागेत स्थळ निघालं. घर बघायला जायचं होतं. जाऊबाईंनी "सैपाकघर तू बघून ये" म्हणून मला नेमलं. दादा साताऱ्याला आले आणि यांना म्हणाले, "तुज्याच गाडीनं जायाचं. मी डब्यात बसतो. हँडल एक डाव जरी हललं, तर सांगलीतच भंगारात घालायची आन एश्टीनं माघारी यायचं. हाय कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

आठवडाभर घरात दुसरं काही नव्हतं. शंकरआप्पांच्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट गोठ्यात पडून होती. वर्षानुवर्षं तेल-पाणी प्यालेलं चामडं. आप्पांनी तिचा तुकडा आणला, जोशीमास्तरांनी कंपासने गोल आखले, यांनी वायसरं कापली, एरंडेलात भिजवली, बसवली. दोन दिवस डॅम्पर पांढऱ्या कागदावर उभा ठेवला. कागद कोरडा राहिला. तो कागद मास्तर गल्लीत सगळ्यांना दाखवून आले.

निघालो. दादा डब्यात, मी यांच्या मागे. दादांनी सोयरिकीला जायचं म्हणून कडक इस्त्रीचा फेटा बांधला होता. बसल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी डब्याची कड धरली. कऱ्हाड गेलं, कासेगाव गेलं, डोळे मिटलेलेच. हँडल देवघरातल्या समईसारखं स्थिर.

पेठच्या नाक्यावर मोठा रस्ता सोडून आम्ही इस्लामपूरकडे वळलो. रस्ता उखडलेला होता. गाडी आदळत चालली. मला यांच्या खांद्यावरून डॅम्पर दिसत होता. त्याच्या टोकाला एक थेंब आला. लोंबला. पडला. मग दुसरा.

यांनी वेग वाढवला, कारण जोरात असताना हँडल थरथरत नाही. इस्लामपूर असं निघून गेलं.

आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्या लागल्या. एकामागे एक, लांबच लांब. वेग कमी करावाच लागला.

आणि हँडल झडझडायला लागलं. यांनी अंग टाकलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. डबा गदागदा हलला. दादांनी डोळे उघडले. हँडलकडे पाहिलं, मग यांच्या हातांकडे. बराच वेळ यांच्या हातांकडेच पाहत होते.

यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "दादा, हललं."

"गप बस."

दादा खाली उतरले. रस्त्यावरून बैलगाड्या जात होत्या, गाडीवान बघत होते. भर रस्त्यात दादांनी डोक्यावरचा फेटा सोडला. उभ्या आयुष्यात मी त्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. मी मान फिरवली. त्यांनी फेट्याचं एक टोक हँडलच्या डाव्या मुठीजवळ आवळून बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला वेढे देऊन हातात धरलं आणि डब्यात बसून पुढच्या पत्र्याला पाय रोवले.

"चालीव. तू उजवीकडनं दाब. डावीकडनं मी हाय."

बैलांचा कासरा धरावा तसा त्यांनी तो फेटा धरला होता. हँडल वळायला लागलं की सैल सोडत, झडझडायला लागलं की ताणत. आयुष्यभर बैलं हाकलेला हात. थोड्या वेळाने दोघांचं जमलं. बैलगाड्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने, आम्ही आष्ट्यातून जाऊ लागलो.

एका गाडीवानाने उसावरून वाकून विचारलं, "आवं पावणं, गाडी तुमी हाकताय का त्यो?"

"दोगं," दादा म्हणाले.

विश्रामबागेत मुलाचे वडील फाटकात उभे होते. धुवट कपडे, हातात अत्तरदाणी. सोयरिकीला आलेला मुलीचा बाप उघड्या डोक्याने उतरतोय हे पाहून त्यांना काय करावं कळेना. इकडे तिकडे पाहून ते म्हणाले, "फेटा...?"

"वाटंत कामाला लागला," दादा म्हणाले आणि पायऱ्या चढून आत गेले.

स्वयंपाकघर चांगलं होतं. मुलगाही चांगला होता. पोहे झाले, चहा झाला, पुढची बोलणी ठरली. दादा बैठकीत ताठ बसून सगळ्यांशी बोलत होते. हे मात्र दोनदा बाहेर जाऊन गाडीला हात लावून आले.

निरोप घेऊन आम्ही फाटकाबाहेर आलो. दादा डब्यात बसायला निघाले तसे हे आडवे उभे राहिले.

"दादा, स्टेशनाजवळ भंगारवालं हायत म्हणं. मी इचारून घेतलंय."

"कशाला?"

"हँडल हललं. सबूद दिलावता."

"कोन म्हंतं हललं?"

"मी म्हणतोय. हिनं बी बघितलंय."

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून दादांनी माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मी पदर पुढे ओढला आणि समोरच्या बंगल्याची पाटी वाचू लागले.

दादा डब्यात बसले. धोतर सावरलं, पाय पत्र्याला लावले.

"तवा धरलं हुतं मी. माज्या हातात काय हललं न्हाई," ते म्हणाले, आणि यांच्यापुढे हात केला. "टोक दे हिकडं फेट्याचं. दिवस हाय तवर निगू."